खऱ्याचं पान

दुबईच्या घड्याळांची खोकी होडीतून उतरवणारा दत्ताराम सकाळपासून माळ्यावर नारळांच्या ढिगाआड लपून होता. खाली त्याची बायको सुगंधा पाच वर्षांच्या कुंदाला दहाव्यांदा पढवत होती, "कोणी इचारल्यान तर बाबा मुंबयक गेलो म्हणान सांग."

कस्टमचे साहेब आले ते सरळ कुंदापाशी बसले. तिच्या मांडीवर बालवाडीतलं चित्रांचं पुस्तक उघडं होतं: फुटलेला माठ, आणि आईसमोर कान धरून उभा मुलगा. रोज सकाळी सरलाबाई हेच पान उघडून पोरांकडून कालचं खोटं वदवून घ्यायच्या.

"हा काय करतोय गं?"

"खरां सांगता."

"शहाणा आहे. मग तूही सांग, बाबा कुठे आहे?"

कुंदाने चित्राकडे पाहिलं, मग आईकडे.

"मुंबयक गेलो."

साहेब उठले. त्यांचे बूट दारापुढच्या खळ्यातून वाजत निघाले, तेव्हा कुठे सुगंधाने लेकीला पोटाशी धरलं. कुंदाने मात्र मान वर करून बालवाडीतल्यासारखं खणखणीत विचारलं, "आये, मी आज खोटां बोललंय, तां उद्या बाईंका सांगूचां मा?"

खळ्यातले बूट थांबले.