पिवळ्यातला सतरा नंबर

सकाळचा भोंगा व्हायला दहा मिनिटं होती आणि मालक भिंतीसमोर उभे होते.

भिंतीवर सहा फिटरांची अवजारं टांगलेली होती. लाल, हिरवा, पिवळा, निळा, पांढरा, नारिंगी. माणशी एक रंग. दांड्याला जो रंग, त्याच रंगात मागे भिंतीवर अवजाराची आकृती. पाना उचलला की तेवढी रंगीत सावली उघडी पडायची. काय गेलं आणि कुणाचं गेलं, ते शेडच्या दुसऱ्या टोकावरून कळत होतं. स्टोअर सांभाळणाऱ्या ताईंनी दोन रविवार घालवून हे सगळं एकटीनं रंगवलं होतं.

"भिंत देखणी आहे, ताई," मालक म्हणाले. "पण आठवड्यात चौथ्यांदा तेच."

हिरव्या आकृतीवर लाल दांड्याचा पाना लटकत होता. लाल आकृतीवर हिरवी पक्कड.

"माझी निम्मी अवजारं रोज उस्तादांकडे मुक्कामाला जातात," पैलवान म्हणाला. लाल रंग त्याचा, हिरवा उस्तादांचा. दोघांचं टेबल एकच.

"उस्तादांना या वयात लाल आवडायला लागलाय," रेडिओ म्हणाला. तो दिवसभर बोलायचा, म्हणून त्याचं नाव रेडिओ. सगळे हसले. उस्ताद हसले नाहीत.

"रंग लावूनही घोळच होणार असेल, तर पहिलंच बरं," मालक म्हणाले. "ज्याची त्याची पेटी, ज्याचं त्याचं कुलूप. खरवडून टाका हे."

"आठवडाभरात एक पाना शोधायला कुणी टेबलाखाली वाकलं नाही, मालक. ते नाही दिसलं तुम्हाला?" ताई म्हणाल्या.

"ते दिसलं. हेही दिसतंय."

मालकांनी लाल पान्याकडे बोट दाखवलं.

"भिंत खरवडायची नाही." उस्ताद हात पुसत पुढे आले.

मालकांना नवल वाटलं. "तुम्हीच म्हणाला होतात ना, ताईंनी बालवाडी उघडलीय म्हणून?"

"म्हणालो होतो. चुकलो." उस्तादांनी लाल पाना आणि हिरवी पक्कड उतरवली आणि दोन्ही शेजारी शेजारी धरली. "हे दोन वेगळे रंग आहेत असं सगळे म्हणतात. म्हणजे असतील. मला दोन्ही एकच दिसतात. जन्मापासून."

रेडिओनं दोन्ही दांड्यांकडे आळीपाळीनं पाहिलं.

"तीस वर्षं तुम्ही इथं..." मालकांनी वाक्य अर्धंच सोडलं.

"तीस वर्षांत रंगांवाचून काही अडलं नाही. मशीनचा बिघाड कानानं ओळखतो, बटनं जागेवरून. माझ्या दांड्यांवर कानशीनं तीन खाचा पाडल्या होत्या. अंगठा लागला की कळायचं, आपलं आहे. ताईंचा रंग दाट. खाचा बुजल्या."

"एका शब्दानं सांगायचं होतं ना, उस्ताद," ताई म्हणाल्या.

"रोज सांगणार होतो. आजवर माझ्या कामात कुणी चूक काढली नव्हती, ताई. पहिलीच चूक स्वतःच्या तोंडानं सांगायला जीभ उचलेना." मग ते मालकांकडे वळले. "पण माझ्यापायी ताईंच्या कामाला बोल लागत असेल, तर ते मला चालणार नाही. भिंत चोख आहे. मी आयुष्यात इतकं चोख काम फार वेळा पाहिलेलं नाही."

मालकांनी भिंतीवरून नजर फिरवली. "मग तुम्हाला दिसतो कुठला?"

"पिवळा. पिवळा मला लांबून हाक मारतो."

सगळ्यांनी रेडिओकडे पाहिलं. पिवळा त्याचा होता.

"घ्या की," रेडिओ म्हणाला. "मला हिरवाही शोभेल. फक्त पैलवानाचा लाल देऊ नका, त्याच्यासारखं दिवसभर फुरफुरत बसावं लागेल."

"संध्याकाळी येऊन बघतो," मालक म्हणाले. "मग ठरवू."

जेवणाच्या सुट्टीत ताईंनी जेवणाचा डबा तसाच ठेवला आणि रंगाचे उघडले. उस्ताद शेजारी बसून दांडे घासून देत होते. घासल्यावर जुन्या खाचा पुन्हा वर आल्या. ताईंचा ब्रश थांबला.

"खाचा मोकळ्या ठेवू?"

उस्तादांनी अंगठा एकदा खाचांवरून फिरवला. "नको. भरून टाका."

मग ताईंनी भिंतीवरच्या उस्ताद आणि रेडिओ या दोघांच्या आकृत्याही नव्यानं रंगवल्या. रंग लवकर वाळणारा होता. चारपर्यंत सगळं जागच्या जागी लागलं.

पाचला मालक आले. भिंत वरपासून खालपर्यंत बघितली. पिवळ्या रांगेतला सतरा नंबरचा पाना काढून रंग नखानं टोकरून पाहिला. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. बोलत बोलत ते दाराकडे निघाले.

शेडच्या पार दुसऱ्या टोकाला उस्ताद पंपावर वाकले होते. पाठ मोकळी करायला ते उभे राहिले आणि त्यांची नजर भिंतीवर गेली.

"ताई!" मशीनच्या आवाजातूनही त्यांची हाक ऐकू आली. "पिवळ्यातला सतरा नंबर जागेवर नाही!"

सगळ्यांनी भिंतीकडे पाहिलं. पिवळ्या रांगेत एक सावली उघडी पडली होती. मग सगळ्यांनी दाराकडे पाहिलं.

मालकांनी स्वतःच्या हाताकडे पाहिलं.

"फोन नंतर, मालक!" उस्ताद तिथूनच ओरडले. "आधी पाना!"

मालकांनी फोन बंद केला. अख्खी शेड बघत असताना ते परत आले आणि पाना खिळ्याला अडकवला.

ताई हाताची घडी घालून उभ्या होत्या.

"उलटा लागलाय," त्या म्हणाल्या.

मालकांनी तो काढला आणि सरळ लावला.