कोरी पत्ती

नाळ कापायला सुईण धनवंतानं दाढीची नवी पत्ती मागितली. शकुंतलाबाईनं मुलाची जुनी पत्ती धार यावी म्हणून काचेच्या गिलासात घासली, पदराला पुसली आणि पुढं केली.

"हे तं फेकाची आहे. नवी नाही का घरात?"

"आहे. पण हे कायले फेकू? रेवारामची दाढी होऊन राहिली ना इच्यानं."

नातू झाला. आठव्या दिवशी त्याचा जबडा आवळला, दूध ओढेना. नवव्या दिवशी तो धनुर्वातानं गेला.

महिन्याभरानं दाढीला बसलेल्या रेवारामला डब्यात नवी पत्ती सापडली. तिचा कागदही उघडलेला नव्हता.

"माय, हे काऊन ठेवली होती?"

शकुंतलाबाईनं चुलीतलं लाकूड पुढं सारलं.

"कोऱ्या पत्तीनंच काढू म्हटलं होतं, लेकराचं जावळ."