हाताईचं लुगडं

"आये, मोटार येलच आता. तू कुठं निघालीस?" केसरनं सासूला विचारलं.

"हाताईला लुगडं नेसवून येते. माझ्यासाठी थांबू नका." बायजानं ट्रंकेतलं नवं हिरवं लुगडं काखेत मारलं.

ओटीवर तिचा कान्हा निपचित पडला होता. सकाळी मिठागरात त्याला फुरसं चावलं आणि आता हिरड्यांतून रक्त यायला लागलं होतं. एकुलता एक पोर. सून खाडीपलीकडची, लग्नाला जेमतेम महिना झालेला. बायजाचा जीव टांगणीला लागला होता.

ती काही हेकट म्हातारी नव्हती. शेजारच्या भागोजीनं दवाखान्याचं नाव काढलं तेव्हा तीच म्हणाली होती, "व्हय, न्या. डाक्टरला सुई टोचू दे. पण देवी राजी नसंल तर सुई काय करील?"

सावकाराकडे मुंबईचा पाहुणा मोटार आणि डायवर घेऊन उतरला होता. भागोजी ती मागायला धावला. कान्हाला आडवं घातल्यावर तिच्यात केसरपुरतीच जागा उरणार होती.

बायजा बांधाबांधानं फाट्यावर पोचली.

हाताई तशी नवी देवी. नाक नाही, डोळे नाहीत. कपाळाला लाल टिळा आणि बाजूला केलेला एकच हात. कुणी बसवली, बायजानं कधी विचारलं नव्हतं. देवाचं कूळ कोण विचारतं? पण पावायची. तापानं फणफणलेली रंगू बैलगाडीतून हिच्यासमोरून गेली, ती आठवड्यानं पायी परत आली. अडलेली कमळ गेली, ती पदराखाली लेक घेऊन आली.

"कान्हानं पहिल्या पगारात मला घेतलेलं हाय," बायजा देवीला म्हणाली. "मी न्हाय नेसले. तू नेस, आन् माझा पोर मला दे."

तिनं निऱ्या काढल्या, गाठ मारली, डोक्यावरून पदर घेतला. हात उन्हानं तापला होता, तोही पदराखाली झाकला. देवी झाली तरी बाईमाणूसच. मग नारळ फोडून ती परत फिरली.

अर्ध्या बांधावर असताना मोटारीचा आवाज आला. मोटार फाट्याशी जरा थांबली, मग पुढे गेली. डायवर पाया पडला असणार. बायजाला केवढा धीर आला.

दिवस कलताना मोटार दारात उभी राहिली. एवढ्यात बरा झाला? भाकरतुकडा ओवाळून टाकायला बायजा लगबगीनं बाहेर आली. केसर खाली उतरली. तिचं कुंकू पुसलेलं होतं.

डायवर गुडघ्यापर्यंत चिखलानं माखला होता. त्याला मान वर करवेना.

"वाट मिठागरात संपली, मावशी. गाडी रुतली ती निघता निघंना. भागोजी बोलले होते, फाट्यावर सरकारनं दवाखान्याची पाटी लावलीय, तिच्यावर हात काढलाय, हात दाखवील तिकडं वळ. मी थांबून बघितलं. चिटपाखरू नव्हतं विचारायला. पाटी नव्हतीच तिथं. हिरवं लुगडं नेसलेली देवी होती. पाया पडलो आणि सरळ गेलो."