पाच मिनिटांचं काम

अंबडच्या कारखान्यातला सर्व्हर दिवसातून दोनदा तरी अडकायचा. त्यावर उपाय म्हणून तिथल्या समाधानने लिनक्सचा नवा कर्नेल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, टाकून ठेवला होता, फक्त रीस्टार्ट बाकी होता.

"साहेब, पाच मिनिटं बंद करू द्या. मग मी आईच्या दहाव्याला देवळ्याला जाऊन येतो."

"प्रॉडक्शन चालू असताना सर्व्हर बंद होणार नाही. आणि तुम्हीही इथून हलायचं नाही."

दहाव्याला समाधान सर्व्हरसमोरच बसून राहिला. पिंड चुलतभावाने ठेवले.

महिन्याभराने खंडेनवमीच्या पूजेला साहेबांनी स्वतःच सर्व्हर बंद करायला लावला आणि त्याला झेंडूची माळ घातली. पूजेनंतर तो नव्या कर्नेलवर पाच मिनिटांत सुरू झाला.

साहेबांनी समाधानच्या हातावर पेढा ठेवला.



"एवढंच होतं? मग तेव्हाच सांगायचं ना!"