सावेलीचा जर्मन कॅमेरा

"ब्रुंके 'अस्सल' म्हणाला, तर माझी ही बाभळीची सावली तुझी," सामोवार विकणारा झोरा सूर्यफुलाच्या बियांची टरफलं थुंकत म्हणाला. "नाही म्हणाला, तर तू मासळीच्या रांगेत. उन्हात. जन्मभर."

"जन्मभर!" सावेलीने हात पुढे केला आणि ओदेसाच्या अख्ख्या जुन्या बाजारासमोर पैज लागली.

सावेलीचा धंदा बाजारात शेंबड्या पोरालाही ठाऊक होता. आपल्याकडचा कॅमेरा म्हणजे जर्मन कॅमेऱ्याची हुबेहूब नक्कल. वरचं रशियन नाव घासायचं, जर्मन नाव खोदायचं, की झाला जर्मन. बोटीतून उतरणारे पाहुणे तो गळ्यात घालून खुशीत निघून जायचे.

फसला नव्हता तो एकटा ब्रुंके. हा म्हातारा जर्मन दर उन्हाळ्यात यायचा, सावेलीचा कॅमेरा हातात घ्यायचा, "छान, छान" म्हणायचा आणि आजाऱ्याला धीर द्यावा तसं सावेलीच्या खांद्यावर थोपटायचा. ते थोपटणं सावेलीला जेवताना आठवायचं आणि घास घशात अडकायचा.

यंदा त्याने बेत पक्का केला होता. कच्चा माल मिळाला तो क्लावाकाकूंकडून. त्यांचा चहाचा सामोवार घासून लख्ख करून दिला, त्या बदल्यात त्यांनी वारलेल्या नवऱ्याचा कॅमेरा पुढे केला. निकेलचा मुलामा उडालेला, कोपरे कळकलेले, चामडं उंदराने कुरतडलेलं. वर ठसठशीत रशियन अक्षरं.

"आमचे हे कुणाला हात लावू देत नसत याला," काकू म्हणाल्या. "मी एकदा फडकं मारलं, तर आठवडाभर बोलले नाहीत."

"पुरुषांची खुळं असतात, काकू."

"ते मला सांगता? चाळीस वर्षं संसार केलाय!"

घरी सावेलीने स्वयंपाकघराचं टेबल बळकावलं. जुन्या टूथब्रशने व्हिनेगर लावून कळंक काढला. चामड्याखालचा डिंक खरवडला. मग वरचं पितळी झाकण सोडवलं, काचेवर चिकटवलेल्या पॉलिश पेपरवर पालथं घातलं आणि गोल गोल घासायला लागला. अक्षरं मुळापासून जाईपर्यंत झाकण उलटून बघायचं नाही, ही त्याची पद्धत. त्याचं म्हणणं, मधे मधे बघितलं की हात घाई करतो.

पितळेच्या पिवळ्या भुकटीत एक करडी रेघ उमटली.

"हे काय?" त्याच्या बायकोने, फान्याने, मासे तळता तळता विचारलं. "कथील दिसतंय."

"अगं, आपला कारखाना तो! पितळ संपलं असेल. हाताला लागलं ते ओतलं."

जोडताना एक स्क्रू टेबलाखाली घरंगळला तो गेलाच. सावेलीने आपला डबा उपडा केला. वीस वर्षांत जमवलेले स्क्रू, आणि त्यातला एकही बसेना.

"सोमवारी जोडलेला दिसतोय," तो कुरकुरला. "रविवारची उतरायच्या आधी." शेवटी गुडघ्यांवर रांगत हरवलेलाच शोधला.

मग मात्र त्याने जीव ओतला. प्रत्येक अक्षराचा बाक, प्रत्येक वेलांटी भिंगाखाली. मुलामा चढवला, आणि मग तो बोटं जिथे टेकतात तिथे तिथे आपल्या विजारीवर घासून उडवला, जणू कुणी जर्मन अर्धं आयुष्य हा कॅमेरा हातात घेऊन हिंडलाय.

"आधी चकचकीत करतोस, मग झिजवतोस," फान्या म्हणाली. "माझ्याशी लग्न केलंस तेव्हाही असंच केलंस."

रविवारी ब्रुंके आला. झोराने त्याला स्वतःचं स्टूल दिलं. हरणाऱ्याची अंत्ययात्रा आरामात बघायची होती त्याला. भोवती गर्दी जमली. मासळीवाल्या बायकाही धंदा सोडून आल्या.

ब्रुंकेने कॅमेरा कानाशी धरून खटका दाबला. पुन्हा दाबला. चेहऱ्यावरचं हसू मावळलं. खिशातून बारीक पेचकस काढून त्याने झाकण सोडवलं, आत डोकावला आणि कितीतरी वेळ वर बघितलंच नाही.

"अस्सल," ब्रुंके म्हणाला.

अख्खा बाजार दणाणला! सावेलीने झोराच्या टकलाचा मुका घेतला. मासळीवाल्यांनी त्याला उचलून बाभळीखाली नेऊन ठेवलं. झोरा मुकाट्याने आपले सामोवार गोळा करायला लागला, आणि फान्याने गर्दीतून ओरडून सांगितलं, "सावेली, सावलीत माझीही खुर्ची बसेल एवढी जागा ठेव!"

"थांबा, थांबा," ब्रुंके मोडक्यातोडक्या रशियनमध्ये म्हणाला. त्याच्या बोटावर झाकणाच्या कडेत अडकलेला कथलाचा कण होता. डोळ्यांत पाणी होतं. हसण्याचं की रडण्याचं, कळत नव्हतं. "यंत्र अस्सल. पितळ अस्सल. एकूणएक स्क्रू आमचा, जर्मन. कुणीतरी शहाण्याने आमचं नाव कथलाने बुजवून वर तुमचं नाव खोदलं होतं, चोरांपासून लपवायला. ते मला समजतं. पण खालचं अस्सल नाव पार घासून टाकून, त्याच जागी तेच नाव पुन्हा खोदणारा हा महाभाग कोण?"