वाघाळीचा रस्ता

अंबादासच्या जुन्या मोटरसायकलच्या हँडलवर नसीमानं रस्ता दाखवणारं तिसरं यंत्र बसवलं. वाघाळीचं नाव टाकताच तेही पहिल्या दोन्हींसारखंच बोललं, "तिथं तापमान एकसष्ट आहे. उघड्या वाहनावर माणूस चाळीस मिनिटं तगेल. रस्ता दाखवता येणार नाही."

"डांबर वितळलं असेल, रस्ता पळून नाही गेला!" अंबादास डाफरला. "पाट्या काढून नेल्या, नाहीतर तुझ्या दुकानात आलोच नसतो. गाव उठलं तरी माझी बहीण तिथंच बसलीय. उन्हाचं काही न कळणारं यंत्र दे."

नसीमानं भंगारातून एक काढलं. गाडीची सहा व्होल्टची बॅटरी त्याला पुरेना, म्हणून वेगळे सेल जोडले. सुरू होताच त्यानं आधी घराचा पत्ता विचारला.

"वाघाळीच टाक."

"काका, घर म्हणजे इथलं. परत येताना ते रस्ता कुठला दाखवणार?"

अंबादासनं तोंडाला ओला पंचा गुंडाळला आणि किक मारली. "टाक म्हटलं ना."

तिनं टाकलं. पडद्यावर निळी रेघ उमटली आणि यंत्र आनंदानं म्हणालं, "घरी पोहोचायला दोन तास दहा मिनिटं."