सहा थरांनंतर

त्या सकाळी सासऱ्यांचा गुडघा चौथ्यांदा दुखायला लागला, तेव्हा जावयाने घड्याळ पाहिलं, आभाळ पाहिलं. सासऱ्यांकडे मात्र पाहिलं नाही.

"बसा बाबा. बसून घ्या एकदाचं."

सासरे एका पडक्या चौथऱ्यावर टेकले. हजारो वर्षं समुद्राकडे तोंड करून असलेला चौथरा, आणि त्यावर हा म्हातारा गवंडी रुमाल अंथरून बसला, जणू शेजाऱ्याच्या ओट्यावर गप्पा मारायला आलाय. पुढे गेलेली माणसं वळून पाहत थांबली. जावयाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

चार दिवसांची पायवाट होती. डाव्या हाताला समुद्र, उजव्या हाताला एकामागून एक पडकी नगरं. आखणी जावयाचीच. तो इतिहासाचा अध्यापक. सोबत सात जण, सगळे अभ्यासू, आणि गळ्यात अडकवलेलं हे लोढणं. बायकोपुढे त्याचं काही चाललं नव्हतं. तीन महिन्यांचं बाळ मांडीवर थोपटत ती हळूच म्हणाली होती, "मला तर येता येत नाही. बाबांना तरी ने. जन्मभर लोकांच्या भिंती बांधल्या त्यांनी, चार दिवस नुसते कधी चाललेच नाहीत."

चालू देत की. पण हे चालतच नव्हते!

पहिल्या दिवशी ठीक होतं. बैल पारखावा तसे दगडांच्या पाठीवरून हात फिरवत सासरे सगळ्यांच्या पुढे होते. संध्याकाळी मुक्कामावर जावयाने सगळ्यांना आपल्या भिंतीचे फोटो दाखवले. वाटेच्या शेवटच्या टोकावरची ती भिंत. चुना नाही, माती नाही, नुसता दगडावर दगड. असे तीस थर. आणि दर सहाव्या थरात एक दगड आडवा न बसवता उभा. अशी रचना दुसरीकडे कुठेच सापडली नव्हती. सात वर्षं खपून त्याने मांडलं होतं, की इथले लोक सहाच्या हिशेबाने काळ मोजत, आणि ही भिंत म्हणजे त्यांचं दगडी कॅलेंडर. पुस्तक लिहून तयार होतं. त्याच्या संस्थेचे संचालक मुद्दाम सोबत आले होते. भिंत डोळ्यांनी पाहायची, पटली तर पुस्तक संस्थेने छापायचं, आणि विभागप्रमुखाची रिकामी खुर्ची जावयाला द्यायची, असं ठरलं होतं.

फोटो पाहताना सासरे पुढे वाकले. मग म्हणाले, "जावईबापू, त्या भिंतीबद्दल जरा बोलायचं होतं."

"भिंतीबद्दल? तुम्ही मला सांगणार?"

सगळे हसले. सासरेही हसले आणि उठून झोपायला गेले.

दुसऱ्या दिवसापासून गुडघा सुरू झाला. तिसऱ्या दिवशी पोट. तिसऱ्या संध्याकाळी तर त्यांनी कहरच केला. "इथून बस सुटते म्हणे. चला ना परत. भिंत काय, फोटोत पाहिलीच की सगळ्यांनी." जावयाने दात आवळले. सत्तरीचे संचालक शेळीसारखे कडे चढत होते, आणि यांना बस हवी! नगरं पाहायला डोळे लागतात, नुसते पाय असून भागत नाही, असं तो मनाशी म्हणाला. इथे तर पायांचीही बोंब होती.

"झालं का बाबा बसून?" त्याने आता, चौथ्या सकाळी, विचारलं. "नसेल झालं तर बसा इथेच. परतताना उचलू तुम्हाला, सामानासारखे."

सासऱ्यांनी रुमाल झटकला, घडी घातली आणि उठले.

दुपारी सगळे भिंतीपाशी पोचले. संचालकांनी चष्मा पुसला, उभ्या दगडांवरून एकेक करून बोट फिरवलं.

"विलक्षण," संचालक म्हणाले. मग सहज वळले. "तुम्ही तर या कामातले. तुम्हाला काय वाटतं?"

"त्यांना काय विचारता, सर," जावई घाईने म्हणाला. "ते सिमेंटवाले."

सासऱ्यांनी एकदा भिंतीकडे पाहिलं, एकदा जावयाकडे. "मला काय कळतंय, साहेब. यांनी सात वर्षं घातलीत."

"मग छापू या!" संचालकांनी जावयाच्या पाठीवर थाप मारली, आणि मंडळी हसतबोलत डबे सोडायला खालच्या सावलीकडे गेली.

जावई मागे रेंगाळला. खडकांवरून टणाटण उड्या टाकत सासरे भिंतीच्या दुसऱ्या टोकाला गेलेले त्याला दिसले.

"गुडघा बरा झाला वाटतं?" त्याने खवचटपणे विचारलं.

"गुडघ्याला काही झालंच नव्हतं, जावईबापू."

"म्हणजे?"

"तुम्ही या लोकांना घेऊन इथवर पोचू नये, एवढीच धडपड होती. चारचौघांत तुमची मान खाली जायला नको. माझी लेक तुमच्या घरात आहे." सासऱ्यांनी तळहात दगडावर ठेवला. त्यांचा आवाज एकदम मऊ झाला, झोपलेल्या बाळाशेजारी बोलावा तसा. "जुनी भिंत लाटांनी पार झोपवली होती. तेच दगड गोळा करून आम्ही ही पुन्हा रचली. तेव्हा मी वीस वर्षांचा होतो."

जावयाने नुसतं बोट उचलून त्या उभ्या दगडांकडे दाखवलं.

"ते होय?" सासरे म्हणाले. "दिवसाला एक थर व्हायचा. सहावा झाला की एक दगड उभा ठेवायचो, म्हणजे मुकादमाला लांबूनच कळावं, उद्या आमची सुट्टी."